वाऱ्यातला विस्तव

(साक्षरता वर्गात केलेले भाषण)

आज मी तुमच्याशी विस्तवाबद्दल बोलणार आहे. विस्तव म्हणजे आपल्या बोलीतला इस्तो. घरातल्या चुलीचे आपण सगळे जाणतोच. मी बोलणार आहे उघड्या रानातल्या विस्तवाबद्दल. वारा सुटला असताना तो पेटवायचा कसा, आणि काम झाल्यावर विझवायचा कसा, हा आजचा विषय.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्ही जन्मभर चुली पेटवल्या. आम्हाला हे काय शिकवता?"

खरे आहे. तुम्हाला येते. माझ्यापेक्षा चांगले येते. पण जे नुसते हाताला येते, ते त्या हाताबरोबर जाते. जे डोक्याला कळले आणि कागदावर उतरले, ते मागे राहते.

आपल्या बहिणाबाई चौधरींचेच पहा. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली त्यांचा जन्म झाला. १९५१ साली त्या वारल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात काम करता करता, जाते ओढता ओढता त्या गाणी रचीत. न पेटणारी चूलसुद्धा त्यांच्या गाण्यात आली आहे. ती गाणी घरच्या माणसांनी लिहून ठेवली. १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले. म्हणून आज ती आपल्याला वाचायला मिळतात. लिहिली नसती तर वाऱ्यावर गेली असती.

तसेच आपल्या आजा-आजीचे विस्तवाचे शहाणपण आहे. ते आज आपण नीट समजून घेऊ.

आपला मुलूख वाऱ्याचा

खानदेश हा वाऱ्याचा मुलूख आहे. उत्तरेला सातपुडा उभा आहे. दक्षिणेला अजिंठ्याचे आणि सातमाळ्याचे डोंगर आहेत. मध्ये तापीचे लांबरुंद खोरे पसरले आहे. पश्चिमेला ते गुजरातकडे उघडे आहे. त्यामुळे उन्हाळा सरत आला की पश्चिमेचा वारा या खोऱ्यात थेट शिरतो. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या बाजूला पवनचक्क्या उभ्या आहेत. वाऱ्यावर तिथे वीज होते. उगाच कोणी रानात पवनचक्की लावीत नाही. जिथे वारा भरवशाचा, तिथेच ती लावतात.

अशा मुलखात रानात विस्तव पेटवायची वेळ कितीजणांवर येते! पिकाची राखण करणारा आहे. मळ्यात वस्तीला राहणारे कुटुंब आहे. धुळे जिल्ह्यातले ठेलारी मेंढपाळ मेंढ्या घेऊन रानोरान फिरतात. त्यांची चूल आज एका शेतात, तर उद्या दुसऱ्या. ऊस तोडायला जाणारे मजूर आहेत. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणारे भाविक आहेत. आणि थंडीत शेतात भरताचा बेत करणारे तर आपण सगळेच आहोत.

मुक्ताईने ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले, अशी कथा आहे. त्या मुक्ताईचे स्थान आपल्याच जिल्ह्यात, मुक्ताईनगरला आहे. पण ती गोष्ट संतांची. आपल्याला भाकरी भाजायची तर विस्तवच पेटवावा लागतो.

वाऱ्यात तो पेटत नाही, तेव्हा पोरे उपाशी राहतात. आणि नको तिथे पेटतो, तेव्हा कडब्याची गंजी जाते. गंजी गेली की उन्हाळाभर गुरांपुढे काय टाकायचे? म्हणून हा विषय साधा दिसला तरी साधा नाही. इकडे भाकरी आहे, तिकडे गंजी आहे.

ज्योत आणि निखारा

आता मुख्य गोष्ट सांगतो. बाकी सगळे विसरलात तरी एवढी विसरू नका.

ज्योत वाऱ्याला भिते. निखारा वाऱ्याला भीत नाही.

दिव्यावर फुंकर मारली तर काय होते? दिवा विझतो. निखाऱ्यावर फुंकर मारली तर? निखारा फुलतो. फुंकर तीच. तोंड तेच. मग असे का व्हावे?

लाकूड तापले की त्यातून धूर निघतो. त्या धुरात जळणारा वायू असतो. तो पेटला, की त्याला आपण ज्योत म्हणतो. मेणबत्ती विझवा. तिच्या वातीतून पांढरा धूर वर जाईल. लगेच त्या धुराला पेटती काडी लावा. मेणबत्ती पुन्हा पेटेल. काडी वातीला टेकायचीही गरज नाही. ज्योत म्हणजे पेटलेला वायू, हे यावरून कळते.

वायू हलका असतो. वाऱ्याचा झोत आला की तो वायू आणि त्याची धग दोन्ही उडून जातात. म्हणून लहान ज्योत विझते.

निखाऱ्याचे तसे नाही. त्यात लाकडाचा कोळसा झालेला असतो. तो जागच्या जागी जळतो. उडून जाणारे त्यात फारसे काही नाही. त्याला हवी असते हवा. वारा ती आणून देतो. लोहाराचा भाता पहा. भाता म्हणजे कोंडलेला वाराच की! भाता चालू झाला की कोळसा लालाचा पिवळा होतो आणि त्यात लोखंड मऊ पडते.

यातून काय शिकायचे? ज्योत लहान आहे तोवर तिला तान्ह्या पोरासारखी आडोशाला धरायची. निखारे झाले की मग वाऱ्याला आत घ्यायचे. आधी वारा अडवा, मग वारा वापरा. पेटवण्याची सगळी विद्या एवढ्यात आली.

जागा पाहणे

आधी वारा कुठून येतो ते पहा. मूठभर धूळ किंवा भुसा हातातून सोडा. तो जिकडे उडेल, तिकडे ठिणग्याही उडतील. त्या बाजूला पन्नास-शंभर पावलांत काय आहे ते नीट बघा. गंजी, गोठा, झोपडी, उभा गहू, वाळलेले गवत, केळीची वाळलेली पाने, यांपैकी काही असेल तर जागा बदला. समोर नांगरट असावी, नदीची वाळू असावी, किंवा उघडी माती असावी.

जाणती माणसे म्हणतात, गंजी पाठीशी ठेवावी आणि नांगरट पुढे. पाठीशी म्हणजे टेकून नव्हे, बरे का! तीही लांबच हवी. वारा केव्हा फिरेल याचा नेम नाही. ज्येष्ठातले वावधान तर घडीत चारही दिशांनी येते.

जागा ठरली की चारी बाजूंनी पाच-पाच हात जमीन साफ करा. काडीकचरा झाडून टाका. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. अशा भेगेवर चूल मांडू नका. भेगेत निखारा पडला तर तो दिसत नाही. आत धसकटे असतात, वाळलेली मुळे असतात. ती धुमसत राहतात.

आणि पेटवावे की नाही, हेही वाऱ्यालाच विचारा. झाडाची पाने हलतात, तोवर चिंता नाही. धूळ उडू लागली, तर खड्ड्याशिवाय पेटवू नका. मोठ्या फांद्या हलू लागल्या, तर पेटवूच नका. त्या दिवशी शिळी भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा. एक दिवस थंड खाल्ल्याने कोणी मरत नाही.

चर खणा, दार ठेवा

लग्नाच्या पंगतीला आपण चर खणतो आणि त्यावर मोठी भांडी चढवतो. वाऱ्यातही तेच करायचे. फक्त चर लहान. एक वीत रुंद, एक वीत खोल आणि दीड हात लांब. चराची लांबी वाऱ्याच्या दिशेने ठेवा. खणलेली माती दोन्ही अंगांना बांधासारखी रचा. जिकडून वारा येतो त्या तोंडाशी एक मोठा दगड ठेवा. हा दगड म्हणजे आपल्या चुलीचे दार. पेटवताना दार बंद. निखारे झाले की दार किलकिले करायचे.

मुरमाची किंवा खडकाची जमीन असेल, तर चर खणता येत नाही. तिथे दगडांचा गुडघाभर उंच कोट करा. वाऱ्याच्या बाजूला तो बंद असावा आणि दुसऱ्या बाजूला उघडा. दगडांतल्या फटी मातीने बुजवा. दगड मात्र कोरडे घ्या. नदीपात्रातले ओले दगड चुलीला लावू नका. त्यांच्यात पाणी मुरलेले असते. तापले की ते फाटकन फुटतात आणि कपच्या डोळ्यात जातात.

जळणाचे तीन ढीग

पुष्कळ लोक आधी काडी ओढतात आणि मग काटक्या शोधायला धावतात. तहान लागल्यावर विहीर खणण्यातला हा प्रकार. तोवर ज्योत मरून जाते. आधी तीन ढीग करा. तिन्ही हाताच्या अंतरावर ठेवा. मगच काडीपेटी काढा.

पहिला ढीग चिमटीचा. म्हणजे चटकन पेटणाऱ्या बारीक वस्तूंचा. वाळलेले बारीक गवत, नारळाची शेंडी, घायपाताचा काथ्या, रिकामा पडलेला सुगरणीचा खोपा. हे दोन्ही हातांनी चोळून मऊ करा. दोन मुठी भरेल एवढे हवे.

दुसरा ढीग काडीचा. काडेपेटीतल्या काडीपासून करंगळीपर्यंत जाडीच्या काटक्या. इथे आपले खानदेशी भाग्य मोठे. कपाशीच्या पऱ्हाट्या आहेत, तुरीच्या तुराट्या आहेत. दोन्ही झटकन पेटतात आणि चांगली धग देतात. काडी वाळली की नाही हे कानाने ओळखा. मोडली आणि कट् असा आवाज आला, तर वाळलेली. नुसती वाकली, तर ओली.

तिसरा ढीग लाकडाचा. अंगठ्यापासून मनगटापर्यंत जाडीचे. बाभळीचे लाकूड फार उत्तम. सातपुड्याच्या बाजूला धावडा मिळतो, तोही तसाच. ही जड लाकडे उशिरा पेटतात, पण निखारा दणकट देतात. वाऱ्यात आपल्याला तोच तर हवा असतो. हलके लाकूड भडकते आणि संपते. त्याच्या ठिणग्याही फार उडतात.

आणखी एक वस्तू जवळ ठेवा. ती म्हणजे वाळलेली गोवरी किंवा रानात सापडणारी शेणी. शेणीला मोठी ज्योत नसते. ती हळूहळू धुमसते. वारा लागला की तिची धग वाढते. वाऱ्यातले तिच्याइतके इमानी जळण दुसरे नाही.

पावसाळ्यात जमिनीवर पडलेले लाकूड उचलू नका. ते खालून पाणी पिते. झाडावर वाळलेली फांदी घ्या. जाड लाकूड कुऱ्हाडीने चिरा. ते बाहेरून भिजले असले तरी आतला गाभा कोरडा निघतो.

काही जळण टाळा. कण्हेर विषारी आहे. तिची काडी चुलीतही नको आणि कालवण ढवळायलाही नको. चिकाची झाडे, म्हणजे रुई, शेर आणि थोर, हीही नकोत. त्यांचा धूर डोळ्यांना आणि छातीला वाईट. खताच्या रिकाम्या गोण्या, प्लास्टिकच्या पिशव्या आणि फवारणीच्या औषधाचे डबे जाळणे तर अगदी वाईट. त्या धुरावर भाजलेली भाकरी लेकरांना घालू नये.

काडी ओढताना

आता वाऱ्याकडे पाठ करून चराच्या दाराशी बसा. आपले अंग हाच पहिला आडोसा. बायाबापड्यांनी आधी पदर खोचावा. वारा मागून येतो आणि पदर पुढे उडतो. पुढे विस्तव असतो. गड्यांनी धोतराचा सोगा आणि उपरणे सांभाळावे.

चराच्या तळाशी दोन जाड काटक्या आडव्या टाका. त्यावर चिमटीचा ढीग ठेवा. त्यावर बारीक काड्यांचा सैल छप्पर करा. फार दाबू नका. विस्तवालाही श्वास लागतो.

दोन काड्या एकत्र धरून ओढा. हात चराच्या आत खाली नेऊन ओढा. लगेच दोन्ही तळहातांची ओंजळ करून ज्योत झाका. काडी थोडी तिरपी, गुल खाली, म्हणजे ज्योत काडीवर चढते. मग वाऱ्याच्या बाजूने आणि खालून आग लावा. वारा ज्योतीला जळणात ढकलील. उलट्या बाजूने लावली, तर तोच वारा तिला जळणाबाहेर ढकलील.

पेटले की घाई करू नका. बारीक काड्या दोन-दोन, चार-चार घाला. त्या चांगल्या पेटल्या की करंगळीच्या जाडीच्या. मग अंगठ्याच्या. एकदम मोठे लाकूड टाकले तर ज्योत त्याच्या ओझ्यानेच गुदमरते. तळाला निखाऱ्यांचा थर दिसू लागला की शेणीचे दोन तुकडे घाला आणि मोठी लाकडे रचा. आता दार थोडे सरकवा. ज्या वाऱ्याने इतका वेळ त्रास दिला, तोच आता आपला भाता ओढील.

रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल ओतून पेटवण्याचा मोह होतो. तो टाळा. मंद विस्तवावर पेट्रोल ओतले तर त्याची वाफ भपकन पेटते, आणि आग धारेवरून थेट हातातल्या बाटलीपर्यंत येते. असे भाजलेले माणूस पाहिले, की भाकरीची चव जाते.

आजोबांची चकमक

काडीपेटी घरोघर आली, त्याआधी लोक काय करीत? चकमक वापरीत. तीन वस्तू असत. पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि जळका कापूस. गारगोटीवर पोलाद घासून मारले की पोलादाचा बारीक कण निघतो. तो इतका तापतो, की हवेतच पेटतो. तीच ठिणगी. आपल्याकडच्या काळ्या खडकांत गारगोट्या असतात. नदीच्या वाळूतही त्या सापडतात.

ताज्या कापसावर ही ठिणगी सहसा धरत नाही. कापूस आधी काळा करावा लागतो. त्याची कृती सोपी आहे. जुन्या सुती धोतराच्या चिंध्या लहान पत्र्याच्या डबीत भरा. झाकणाला खिळ्याने एक बारीक भोक पाडा. डबी निखाऱ्यावर ठेवा. भोकातून धूर येईल. धूर थांबला की डबी उतरवा आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडू नका. आत काळ्याभोर चिंध्या तयार होतात. त्यांवर ठिणगी पडली की लाल ठिपका दिसतो आणि पसरत जातो.

आता गंमत पहा. इथे ज्योत कुठेच नाही. आरंभच निखाऱ्यापासून आहे. म्हणून वाऱ्यात काडी विझते, पण चकमकीचा निखारा वाऱ्यात फुलतो. ती चिंधी चोळलेल्या गवताच्या पेंडीत ठेवायची, पेंडी वाऱ्यासमोर धरायची. थोड्याच वेळात ती धूर सोडते आणि पेट घेते. पेटली की लगेच चरात आडोशाला. आजोबांकडे काडीपेटी नव्हती, पण वाऱ्याचा स्वभाव त्यांना ठाऊक होता.

आजीची रीत याहून सोपी. ती रात्री चुलीतला निखारा राखेने झाकून ठेवी. सकाळी राख बाजूला सारली, की विस्तव जिवंत. कोणाच्या घरचा विझलाच, तर शेजारीण गोवरीवर निखारा घेऊन जाई. ही राखेची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

भरताची आग

आपल्या भरताचे नाव घेतल्याशिवाय हे भाषण पुरे कसे होईल? जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे हे वांगे या मातीचे, असे सरकारने मान्य केले. यावल तालुक्यातले बामणोद आणि जळगावजवळचे आसोदा ही गावे त्यासाठी नावाजलेली आहेत.

हे मोठे, हिरवट-पांढरे वांगे पऱ्हाट्यांच्या आगीवर भाजतात. घरातल्या गॅसवरच्या भरताला ती चव येत नाही. पण पऱ्हाटी बारीक. वारा असला की भडाभडा जळते. वांग्याची एक बाजू कोळसा होते, तर दुसरी कच्ची राहते. म्हणून वारा असेल तर भरताची आगही चरातच करा. पऱ्हाट्या थोड्या थोड्या घाला. पहिला भडका ओसरू द्या. मग वांगी ठेवा आणि लांब काठीने फिरवत राहा. पऱ्हाट्यांचा भारा वाऱ्याच्या वरच्या बाजूला, आगीपासून दहा-पंधरा पावले लांब ठेवा. भरीत आणि कळण्याची भाकरी तयार झाली, की सगळ्यांचे लक्ष पानाकडे जाते. आगीकडे पाठ होते. तीच वेळ धोक्याची. एकाने आगीजवळ बसावे. त्याचे पान आधी वाढून ठेवावे.

विझवणे हे अर्धे काम

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग.

निखारा वाऱ्याला भीत नाही, असे मी म्हटले. पेटवताना हा त्याचा गुण. आपण उठून गेल्यावर हाच त्याचा दोष. आपल्याला वाटते, आग विझली, नुसती राख उरली. दुपारी वारा सुटतो. राख उडते. आतला निखारा उघडा पडतो, फुलतो आणि ठिणगी गवतात जाते.

कोणी म्हणतात, "आम्ही वरून माती टाकली होती, गुरुजी." आजीची राख आठवा. तिने निखारा झाकला, तो मेला का? नाही. तो रात्रभर झोपला आणि सकाळी उठला. मातीखालीही तसेच होते. झाकलेला विस्तव मरत नाही, झोपतो.

म्हणून झाकू नका, मोडा. काठीने निखारे पसरा. मोठे कोळसे फोडा. पाणी शिंपडा. पुन्हा ढवळा. पुन्हा पाणी शिंपडा. पाणी टंचाईचे असेल, तर ओली माती किंवा मोकळी माती निखाऱ्यांत मिसळा आणि मिसळतच राहा. मग हाताची पालथी बाजू राखेजवळ न्या. धग लागली नाही, तर राखेला हात लावून पहा. राख गार लागली तरच उठा. हात लावायची भीती वाटते? मग विस्तव अजून जिवंत आहे, असे समजा.

मोठे ओंडके अर्धवट जळले असतील, तर तेही भिजवा. आतून पोकळ लाकूड तासन् तास धुमसते. झाडाच्या बुंध्याशी आग कधीच करू नका. बुंध्याच्या ढोलीत विस्तव गेला की झाडही जाते.

सातपुड्यात विशेष जपा

यावल, रावेर, चोपडा आणि शिरपूर तालुक्यांतली माणसे सातपुड्यात जातात-येतात. फाल्गुन-चैत्रात तिथे सागाची पाने गळून साचतात. एक ठिणगी पडली की वणवा डोंगर चढतो. आगीला चढण सोपी जाते, कारण तिची धग आधीच वरच्या पाल्याला वाळवून ठेवते. त्यात जमिनीवर घरटी करणारी पाखरे जातात, नवी रोपे जातात, गुरांचा चारा जातो. पाला जळून गेला की उघडी माती पहिल्याच पावसात वाहून जाते.

मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून काहीजण झाडाखालचा पाला जाळतात. तो जाळू नये. खराट्याने झाडावा, किंवा झाडाखाली जुने लुगडे पसरावे. फुले स्वच्छ मिळतात आणि जंगलही वाचते.

कायदाही हेच सांगतो. भारतीय वन कायदा १९२७ सालचा आहे. त्याच्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलाला धोका होईल अशी आग करणे हा गुन्हा आहे. मनाईच्या दिवसांत तिथे विस्तव नेणेही गुन्हा आहे. यावलचे अभयारण्य १९६९ साली झाले, तिथे तर विशेषच जपले पाहिजे. पण कायद्याच्या भीतीपेक्षा साधा विचार करा. जंगल जळाले तर उद्याचे जळण कुठून आणाल? मोहफुले, डिंक, चारोळी कुठून आणाल?

कोणी भाजले तर

इतके जपूनही कोणी भाजले तर गोंधळू नका. कपड्याला आग लागली तर पळू नये. पळाले की वारा लागतो आणि आग भडकते. खाली पडून लोळावे, किंवा जाड घोंगडीने आग दाबावी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साध्या गार पाण्याची धार धरा. बर्फ नको. शेण, शाई, तेल, दंतमंजन काही लावू नका. फोड फोडू नका. जखम मोठी असेल, तर १०८ या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. हा आकडा घरच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. आता तो आपल्याला लिहिताही येतो आणि वाचताही येतो.

थोडक्यात सांगायचे, तर

१. आधी वारा पहा. मोठ्या फांद्या हलत असतील, तर पेटवू नका.

२. समोर उघडी जमीन ठेवा. गंजी, गोठा आणि पीक लांब ठेवा.

३. चर खणा, कडेला मातीचा बांध करा, तोंडाशी दगडाचे दार लावा.

४. जळणाचे तीन ढीग आधी करा, काडी मागून ओढा.

५. पाठ वाऱ्याकडे ठेवा. पदर आणि सोगा खोचा. आग वाऱ्याच्या बाजूने, खालून लावा.

६. निखारे झाले की दार किलकिले करा.

७. उठताना निखारे पसरा, भिजवा, ढवळा, हात लावून पहा.

बंधुभगिनींनो, विस्तव हा मोठा मदतनीस आहे. थंडीत तो ऊब देतो, भाकरी भाजतो, अंधारात सोबत करतो. पण त्याला स्वतःची अक्कल नाही. तो भाकरीही भाजील आणि गंजीही जाळील. अक्कल आपण वापरायची आहे. उद्या शेतात गेलात, की घरातल्या एका पोराला किंवा पोरीला जवळ बसवा. आग कशी लावायची ते दाखवा. आणि घरी निघण्याआधी त्याच पोराचा हात धरून गार राखेला लावून दाखवा. पेटवायला सगळेच शिकवतात. विझवायला शिकवणारा खरा गुरू.